मुंगीची डबी

डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा धाकटी सून दुकानाच्या मागच्या खोलीत उभी होती आणि मी पिठाच्या पोत्यावर बसून दुपारचा चहा पीत होते. फोन कानाला लावून ती नुसतं “हो, हो” करत होती. मग एकदम म्हणाली, “म्हणजे काहीतरी निघालं.” तेवढं पुरे झालं. काउंटरवर बसलेल्या थोरल्या सुनेची मान अशी वळली, जसं काही कोणी तिच्या गल्ल्यातच हात घातला.

थोरलीला कमी ऐकू येतं, असं ती स्वतःच सांगते. माझ्या हाका तिच्यापर्यंत पोचत नाहीत. पण दुसऱ्याच्या फोनवरची कुजबुज भिंतीतून झिरपून बरोबर तिच्या कानात उतरते.

निघालं होतं ते मुंगीच्या शीच्या तपासणीत.

मुंगी म्हणजे धाकट्याची मुलगी. दुसऱ्या देशातून विमानात बसून आलेली, दत्तक, चार वर्षांची. तिचं खरं नाव तिकडचं आहे, लांबलचक, आणि ते आमच्यात फक्त धाकटीला धड म्हणता येतं. पावाचे तुकडे खिशात, उशीखाली, चपलेच्या टोकात साठवते म्हणून थोरल्याच्या पोरानं, तिच्याच वयाच्या आमच्या ढब्बूनं, पहिल्याच दिवशी तिचं नाव मुंगी ठेवलं. धाकटीला ते आवडलं नव्हतं. पण त्या हाकेला पोरीनं आमच्या घरात पहिल्यांदा मान वर करून बघितलं, त्यामुळे बारसं तिथंच उरकलं.

अशा परदेशातून आलेल्या मुलांची आल्या आल्या सगळी तपासणी करायची असते. तशी ती केली. रक्त काढलं. कावीळ बघितली, आणि लोक ज्याचं नाव आवाज खाली आणून घेतात तो मोठा रोगही बघितला. हातावर क्षयाची सुई टोचून दोन दिवसांनी फुगवटा पट्टीनं मोजला. तिच्याबरोबर आलेले लशींचे कागद डॉक्टरीणबाईंनी बाजूला सारले. म्हणाल्या, कागदावर लस असते, अंगात असतेच असं नाही. पुन्हा टोचू. पण रोग म्हणावा असा एकही निघाला नाही. मी तेव्हाच गल्लीभर सांगून आले होते की आमची पोर धुतल्या तांदळासारखी आहे. राहिलं होतं ते फक्त शी तपासायचं. तीन डब्या, वेगवेगळ्या दिवसांच्या. त्याही दिल्या होत्या.

आणि आता हे.

जिआर्डिया, असं धाकटी म्हणाली. मी विचारलं, जंत का? तर नाही, त्याहून बारीक, डोळ्याला न दिसणारं काहीतरी, आतड्याला चिकटून बसतं. घाण पाण्यातून पसरतं, न धुतलेल्या हातातून पसरतं, औषध घेतलं की जातं. धाकटी नकाशांच्या कचेरीत काम करते. नदी कुठून निघून कुठं जाते ते सांगावं, इतक्या थंडपणे तिनं हे सांगितलं. पण ‘हातातून’ हा शब्द पडला आणि खोलीतलं सगळं थांबलं. आमची बेकरी आहे. आमचं घर हातांवर चालतं. मळायचं हातानं, थापायचं हातानं, पाव उचलून गिऱ्हाइकाला द्यायचा तोही हातानं. मी कप खाली ठेवला आणि स्वतःचे हात बघत बसले.

थोरलीच्या डोक्यात त्या वेळी काय चाललं होतं ते तिनं मला नंतर सांगितलं. नसतं सांगितलं तरी मला दिसत होतंच. तिला सकाळचं आठवत होतं. ढब्बूनं बिस्कीट अर्धं खाल्लं आणि उरलेलं मुंगीच्या तोंडात कोंबलं. मग मुंगीनं आपल्या खिशातला पावाचा तुकडा काढून त्याला दिला, आणि यानं तो खाल्ला. तेव्हा थोरलीच हसली होती. आता हसू गेलं. ती फोन घेऊन मागच्या अंगणात गेली आणि तिनं माझ्या लेकीला लावला. घरात काही पेटलं की माझी थोरली सून आधी माझ्या लेकीला वारा घालायला बोलावते. गोदामाच्या वाटणीतही हेच केलं होतं तिनं.

संध्याकाळी धाकटा त्याच्या चष्म्यांच्या दुकानातून आला. धाकटीनं दारातच सांगितलं. तिला वाटलं होतं, हा हादरेल, काहीतरी विचारेल. तो खुर्चीवर बसला आणि चष्मा काढून पुसायला लागला. पुसत राहिला. दिवसभर दुसऱ्यांच्या काचा घासणाऱ्याचा स्वतःचा चष्मा कधी मळलेला नसतो, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. पण ती औषधाच्या विचारात होती. औषध त्या दिवशी मिळालं नाही, मागवून घ्यावं लागणार होतं.

रविवारी दुपारी आमची भट्टी थंड असते. त्या वेळेला सगळे जमले, मळणीच्या मोठ्या टेबलाभोवती. लेक सासरहून आली, पण टेबलापासून हातभर लांब खुर्ची ओढून बसली. तिला सहावा महिना लागलेला. समोर चहा ठेवला तर तिनं कपाला बोटही लावलं नाही. पोरं टेबलाखाली होती. ढब्बूची गाडी आमच्या पायांमधून फिरत होती आणि मुंगी तिच्यामागून रांगत होती.

थोरलीनं सुरुवात केली. म्हणाली, मी कोणाला वाईट म्हणत नाही, पण. आता हे ‘पण’ आलं की समजावं, वाईट पुढंच उभं आहे. तिचं म्हणणं, इतके दिवस आम्हाला अंधारात ठेवलं. ताट वेगळं नाही, पेला वेगळा नाही, दोन्ही पोरं एका टॉवेलला तोंड पुसतात. आणि एक गिऱ्हाईक जरी बोललं की यांच्या पावातून काहीतरी झालं, तर भट्टीला कुलूप. धाकटी म्हणाली की अंधारात कोणी ठेवलं नाही, परवा कळलं ते परवाच सांगितलं. थोरली म्हणाली, सांगितलं नाहीस, मी ऐकलं. हे मात्र खरं होतं.

मग लेक बोलली. ती एरवी भांडकुदळ आहे, माझ्यावर गेलीय म्हणतात. पण त्या दिवशी तिचा आवाज बारीक होता.

“ती आली त्या दिवशी मी तिचा पापा घेतला होता,” ती म्हणाली. “माझी डॉक्टरीण म्हणते, काही होणार नाही. मागच्या खेपेलाही ती हेच म्हणाली होती.”

मागची खेप, पोटातलं गेलं ती, आम्ही सगळ्यांनी बघितली होती. धाकटीनं तर तिच्या उशाशी बसून काढली होती. तिनं लेकीकडे बघितलं आणि गार झालेला तो कप तिच्यासमोरून उचलून घेतला.

थोरला नेहमीप्रमाणे शेवटी बोलला. गोदामावरची खोली रिकामी आहे, तिला वेगळा संडास आहे. महिना, दोन महिने.

“चार वर्षांच्या मुलीला तिथं ठेवायचं, भावजी?” धाकटीनं विचारलं.

“तिला एकटीला कोण म्हणतंय. तुम्ही तिघं.”

थोरली लगेच म्हणाली, नसेल जमत तर मी ढब्बूला घेऊन माहेरी जाते, मग काउंटर कोण सांभाळतंय ते बघा. म्हणजे एक तर मुंगी नाहीतर ढब्बू. तिनं तराजूच मांडला. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण या घरात काटा शेवटी मी धरते.

खोली साफ करा, हे माझ्या ओठांवर आलेलं होतं. लपवून काय करू. धाकटी मला आवडते, पोरगीही आवडायला लागली होती, पण लेकीचं पोट माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि भट्टी पाठीशी होती. मी तोंड उघडलं आणि आधी एवढंच म्हटलं की चार पिढ्या आम्ही पीठ मळतोय, आमच्या रक्तामांसाच्या माणसांत असली घाण कधी निघाली नाही.

धाकट्यानं तेव्हा माझ्याकडे बघितलं. आल्यापासून तो एक शब्द बोलला नव्हता. बायको एकटी भांडत होती आणि हा टेबलाच्या फळीतल्या चिरीत नख घालून पीठ उकरत होता. ती नजर कसली होती, ते मला कळलं नाही.

धाकटी उठली. तिनं पिशवीतून औषधाची बाटली काढली, सकाळीच आणलेली. म्हणाली, वाद कशाला, हे एवढंसं आहे. थोडे दिवस द्यायचं, पुन्हा तपासायचं, संपलं. खोलीचं मग बोलू. तिनं मुंगीला हाक मारली. मुंगी टेबलाखालून आली, गुडघ्यांना पीठ लागलेलं. धाकटीनं चमचा भरला.

आणि पोरीनं तोंड उघडलं. कोणी ‘आ कर’ म्हटलं नव्हतं. कशाचं आहे, कडू आहे का, तिनं काही बघितलं नाही. चमचा दिसला तसे डोळे मिटले आणि तोंड उघडून उभी राहिली, हात पाठीमागे घेऊन. जिथून आली तिथं रांगेत असंच उभं करत असतील.

धाकटा मला पुढं म्हणाला, तोपर्यंत त्यानं मनाशी पक्कं केलं होतं की गप्प राहायचं. कडू औषध आहे, घेईल, कोणाला काय कळतंय, आणि परत तपासतील तेव्हा सगळं ठीकच निघेल. दोन दिवस तो हेच घोकत होता. खोलीत राहायची वेळ आली तरी राहू, असंही त्यानं ठरवलं होतं. फक्त त्या मिटलेल्या डोळ्यांचा त्यानं हिशेब धरला नव्हता.

त्यानं बायकोचं मनगट धरलं. औषध टेबलावर सांडलं, गुलाबी, चिकट.

“तिला देऊ नकोस,” तो म्हणाला.

“का?”

“ते तिचं नाही.”

“काय तिचं नाही?”

“डबीतलं.”

मला आधी काहीच उमगलं नाही. थोरला म्हणाला, अरे नीट बोल. मग तो बोलला, टेबलाकडे बघत, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना. मुंगी आली तेव्हा ती शी करायला बसतच नव्हती. धाकटीनं तिला नवंकोरं पॉट आणलं, बाथरूममध्ये ठेवलं, पोरीला लाज वाटत असेल म्हणून दार लोटून घ्यायची. पोरगी आत उभी राहून रडायची आणि मग कुठंतरी कोपऱ्यात, चड्डीतच, असं चालायचं. डब्या तशाच पडलेल्या. आणि सकाळी थोरला भट्टीवर, थोरली दुकान उघडायला, त्यामुळे ढब्बूचं पॉट रिकामं करायचं काम काकाकडे. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पॉटमधलं कुठं जातं ते कोण विचारतो. यानं ते डबीत भरलं आणि बायकोला मुंगीचं म्हणून दिलं. तिन्ही वेळा.

टेबलाखालून ढब्बूचं डोकं वर आलं.

“मी सांगितलं नाही हं, काका,” तो म्हणाला. “तूच सांगितलंस.”

थोरली हसली. खरंच हसली, एकदाच, शिंक यावी तसं. मग तिचा चेहरा पांढरा पडला. खोटं आहे, म्हणाली. बायकोला वाचवायला रचतोय. आणि खरं असलं तर मग या पोरीकडूनच माझ्या लेकराला लागलं असणार, दुसरं कुठून लागणार, माझं मूल शाळेत जातं, पोहायला जातं, आमच्याकडे पाणी उकळून असतं. एका दमात तिनं चार दारं उघडली आणि चारी लावून घेतली.

मला वाटलं होतं, लेक तिची बाजू घेईल. लेक हळू म्हणाली, “पहिली डबी कधी भरलीस रे?”

“ती आली त्याच्या चौथ्या दिवशी.”

“मग नाही, वहिनी. एवढ्या लवकर नाही लागत. पोटात घर करायला आठवडा तरी घेतं ते.” दोन दिवस झोप नव्हती तिला, फोनवर हेच वाचत पडली होती. भीतीनं माणूस शिकतं. “पोहायला जातो म्हणालीस ना,” ती पुढं म्हणाली, “तिथलं पाणी पितो का तो?”

“गटागटा,” ढब्बू म्हणाला.

आणि मग मलाही आठवलं, आणि थोरल्यालाही आठवलं असणार, कारण त्यानं मान खाली घातली. मुंगी येण्याच्या कितीतरी आधीपासून हे पोर सडक्या अंड्यासारखे ढेकर देत होतं. खालूनही तोच वास. आम्ही हसायचो, खिडक्या उघडायचो, बापावर गेलाय म्हणायचो. आणि दुसऱ्या देशाची पोरगी घरात आल्याबरोबर सगळ्यांची नाकं तिच्याकडे वळली.

धाकटी अजून उभी होती. तिनं चमचा टेबलावर ठेवला, सांडलेल्या औषधाशेजारी, आवाज न करता. नवऱ्याला विचारलं, “का?”

तो तिच्याकडे बघेना. माझ्याकडे बघून म्हणाला, “घरातल्या मुलाचं दिलं तर स्वच्छच निघेल असं वाटलं. तिच्यात काही निघालं असतं तर तुम्ही तिला ठेवून घेतलं नसतं.”

“माझ्याकडे बघ,” धाकटी म्हणाली. “काही निघालं असतं तर, असं नाही तुझं. निघणारच, हे तू धरून चालला होतास. हे लोक निदान रिपोर्ट आल्यावर बोलले, आणि तोंडावर बोलले. तू न बघताच ठरवलंस, ती घाण आहे म्हणून. आणि तू बाप.”

मी माझ्या पोराला पडताना बघितलंय, नापास होताना बघितलंय, बापाच्या मागं रडताना बघितलंय. असा उघडा पडलेला कधी बघितला नव्हता. आणि तो हे कुठून शिकला ते मला कोणी सांगायला नको होतं. घरातल्या मुलाचं स्वच्छच निघणार. चार पिढ्या पीठ मळतोय. मी टाकलेलं वाक्य त्या टेबलावर अजून गरम होतं.

“म्हणजे तिची तपासणी झालेलीच नाही,” धाकटी म्हणाली. ती आता आमच्याशी बोलत नव्हती, स्वतःशी बोलत होती. पोट फुगलेलं असतं. एवढं खाते आणि वजन वाढत नाही. मी डॉक्टरांना म्हणत होते, डब्या दिल्यात, बघा त्यात. त्या म्हणाल्या, औषध होऊ दे, मग वजन चढेल. इतके दिवस गेले. तिच्या पोटात काय आहे ते कोणालाच माहीत नाही.

आणि मग तिनं मुंगीला कडेवर घेतलं आणि सांगितलं की ती जाते. कचेरीतल्या मैत्रिणीकडे जागा आहे. धाकटा उठायला लागला तर म्हणाली, तू नाही.

थोरली केव्हाच उठून दाराशी गेली होती; हे ऐकून तिनं दार सोडायला हवं होतं. तिला हेच हवं होतं ना. पण ती दाराशीच उभी राहिली, ढब्बूला पोटाशी धरून, आणि बाजूला होईना. दोघी एकमेकींसमोर, दोघींच्या अंगावर एकेक पोर.

मी म्हटलं, “खोली साफ करा.”

लेक दचकली. “आई, आता काय उरलंय खोलीचं?” माझी लेक, जी टेबलाला शिवत नव्हती.

“गोदामावरची खोली साफ करा. धाकटा जाईल तिथं. ही परत बोलावेल तेव्हा खाली येईल, नाही बोलावलं तर नाही. आणि उद्यापासून भट्टी पेटायची नाही. घरातल्या प्रत्येकाची डबी जाईल. माझ्यापासून.”

थोरल्यानं जन्मात पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला. म्हणाला, आई, गिऱ्हाईक तुटेल, शाळांचा रोजचा पाव आहे आपल्याकडे.

“तुटू दे. आपल्या हातचं खाऊन हगवण लागली तर गिऱ्हाईक काय, गल्लीसुद्धा परत यायची नाही.”

धाकटी वळली. मला वाटलं होतं, ती विरघळेल. मी एवढं केल्यावर लोक विरघळतात, मला तशी सवय आहे.

“आई, मी तुमच्यासाठी थांबत नाहीये,” ती म्हणाली. “दवाखाना इथून जवळ आहे म्हणून थांबतेय. तिचे रिपोर्ट आले की काय ते ठरवेन. आणि तेव्हा मला कोणी खोली दाखवायची नाही.”

माझ्या घरात माझ्याशी असं कोणी बोललेलं नाही. मी मान हलवली.

तिनं तिथंच उभ्या उभ्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं, नवऱ्याचं नाव न लपवता. मग बाई म्हणाल्या, असं कधी ऐकलं नव्हतं. मग म्हणाल्या, दोन्ही मुलांना घेऊन या, नव्या डब्या घ्या, आणि भरेपर्यंत डबीवरून नजर हलवू नका. धाकटा भिंतीशी उभा राहून हे ऐकत होता. मग अंथरूण काखेत मारून वर निघून गेला. जेवायचं त्याला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

सोमवारी सकाळी, भट्टी थंड, घरात कसलाच वास नाही, मी पलंगावर बसून होते. पावाच्या वासाशिवाय मी या घरात कधी जागी झाले नव्हते. बाथरूमकडून आवाज आला म्हणून गेले. जे बघितलं ते असं.

थोरलीला घाई होती, दवाखाना गाठायचा होता. तिनं दोन्ही पॉट शेजारी शेजारी मांडली, ढब्बूचं जुनं आणि मुंगीचं कोरं, आणि ढब्बूला बसवलं. दार लावायला तिला सुचलंच नाही. मुंगी दाराच्या चौकटीशी उभी होती, नेहमीसारखी रडायच्या तयारीत. तिनं ढब्बूला बघितलं. मग आली, चड्डी खाली केली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. दोन गिऱ्हाइकं बाकावर बसावीत तशी. ढब्बूनं तिला गाडी दिली.

धाकटी बाहेर होती, हातात रिकामी डबी. तिच्या तोंडावर कालच्यापेक्षा मोठा धक्का होता.

“मी दार लावून घेत होते,” ती म्हणाली. “तिला लाजायला नको म्हणून मी तिला एकटीला कोंडत होते.”

जिथं पोरं रांगेनं झोपतात, रांगेनं जेवतात, रांगेनं बसतात, तिथून आलेल्या पोरीला रिकाम्या खोलीत बंद दारामागं काय जमणार होतं. हे आमच्यात कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही, आणि मी तर डोक्याबद्दल फार बोलते. उंबऱ्यावर बसलेल्या थोरलीनं सरकून जागा केली. धाकटी तिच्याशेजारी बसली. माझ्या या दोन सुना आल्यापासून एका ओळीत कधी बसल्या नव्हत्या, लग्नाच्या फोटोतसुद्धा मी मध्ये उभी होते. थोड्या वेळानं थोरली समोर बघतच म्हणाली, “तुझ्या त्या डॉक्टरीणबाई मला ओरडतील का ग?”

“ओरडतील,” धाकटी म्हणाली. “हळू ओरडतात पण.”

लेकीचा सकाळीच निरोप आला होता की माझीही डबी ठेवा. धाकटीनं प्रत्येकीवर नाव लिहिलं, प्रत्येकाच्या समोर. माझ्या डबीवर मी स्वतःच लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण माझं आलं. धाकट्याची डबी तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठेवून परत वर गेला. मुंगीच्या डबीवर धाकटीनं तिचं खरं नाव लिहिलं, लांबलचक, डबीभर गोल फिरून आलं ते. मी तिला तीनदा म्हणायला लावलं आणि मागून म्हटलं. चौथ्यांदा जमलं, असं ती म्हणाली. बहुतेक दमून म्हणाली.

पिशवी मी उचलली. आता डब्या माझ्याच हातानं जाणार, असं सांगितलं. धाकटीनं एक क्षण विचार केला आणि म्हणाली, मी बरोबर येते. आणि आली. मुलांना मध्ये घेऊन आम्ही तिघी बायका रस्त्यानं निघालो. मुंगीनं माझं बोट धरलं होतं, दुसऱ्या हातात पावाचा शिळा तुकडा.

कोपऱ्यावर शिंपीणबाई मशीन दारात ओढून बसतात, उजेडासाठी म्हणतात. भट्टीला कुलूप बघून त्यांची सकाळ फुकट गेली असणार. आम्हाला बघून त्यांचा पाय थांबला. भट्टी बंद का, सगळं बरं ना, असं विचारता विचारता त्यांची नजर मुंगीवर गेली. मग त्या जरा पुढं वाकल्या. कानावर आलं म्हणे काहीतरी. या बाहेरच्या मुलांचं आधी बघून घ्यायला हवं, आपल्याला काय माहीत कुठून काय घेऊन येतात.

थोरली माझ्या शेजारी उभी होती. तिचे कान लाल झालेले मी बघितले. ती काही बोलायच्या आत शिंपीणबाईंनी पिशवीकडे बोट केलं.

“आणि हे एवढं जपून काय नेताय?”

“आमचं घराणं,” मी म्हटलं. “माझ्यापासून मुंगीपर्यंत सगळ्यांचं आहे. उघडून दाखवू?”

शिंपीणबाईंनी मशीन सुरू केलं.